नवीन काय आणलंत? : रेकॉर्ड विकत घेणं आणि ती सांगणं

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



विषय वाचून काहींना वाटलं असेल, खरेदीवर कसलं व्याख्यान? पण आम्ही काही रेकॉर्डवेडी मंडळी महिन्यातून एकदा जमतो, तेव्हा बैठकीची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: नवीन काय आणलंत? प्रत्येकाने गेल्या महिन्यात घेतलेली एक रेकॉर्ड घेऊन यायची, दहा मिनिटं तिच्याबद्दल बोलायचं आणि मग ती लावायची. कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून ख्याल आणतो, कुणी मुंबईच्या चोरबाजारातून सिनेमाची गाणी, तर कुणी परदेशातून जॅझ मागवतो. बाहेरच्या माणसाला ही हौसेची मिरवणूक वाटते, आणि थोडी मिरवणूक त्यात असतेच, ती मी नाकारत नाही. पण ही दहा मिनिटं हळूहळू एक काम करत असतात, आणि आज मला त्या कामाबद्दल बोलायचं आहे.

आधी एका शब्दाचा उलगडा. अल्बम म्हटलं की आपल्याला अजून लग्नाचा फोटोंचा अल्बम आठवतो, आणि ते बरोबरच आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. पाश्चात्त्य संगीतातली एखादी लांब रचना द्यायची तर चार-पाच तबकड्या लागत. त्या ठेवायला जाड पुठ्ठ्याचं, आत पाकिटांची पानं शिवलेलं बाड असे, अगदी फोटोंच्या अल्बमसारखं. म्हणून नाव पडलं अल्बम. १९४८ मध्ये अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची एलपी आली, बाडातलं सगळं एकाच तबकडीत मावलं, पण नाव तेच राहिलं.

आपल्याकडे मात्र गवयांनी उलटी वाट धरली. ख्यालाचे तुकडे करून चार तबकड्यांत भरण्याऐवजी त्यांनी अख्खा राग तीन मिनिटांत बसवला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या शेवटच्या वर्षांतल्या ओडियनच्या रेकॉर्डी ऐका. तीन मिनिटांत बंदिश, आलापी, ताना सगळं आहे आणि घाई कुठेच नाही.

स्वतःचं नाव सांगणारी रेकॉर्ड

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आले आणि भारतातलं व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं. गौहर जान तेव्हाच गायल्या. त्यांच्या रेकॉर्डींचा शेवट तुम्ही ऐकला असेल: गाणं संपतं आणि त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. याचं कारण असं सांगितलं जातं की मुद्रित झालेल्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे त्यांच्या प्रती निघायच्या. तिथल्या कारागिराला कुठली बाई कुठलं गाणं गातेय हे कसं कळणार? म्हणून गाण्यातच नाव.

मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. रेकॉर्ड दूर जाणार, अनोळखी हातात पडणार, हे त्या लोकांनी गृहीत धरलं होतं. त्यामुळे सोबत नाव पाठवलं.

पुढे लेबलावर नाव छापणं सुरू झालं, पण लेबल नेहमी खरं सांगतंच असं नाही. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ घ्या. त्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डींवर गायिकेचं नाव आहे कामिनी. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! तेव्हा पात्राचं नाव छापायची रीत होती. गाणं रेडिओवर गाजलं, ही गाते कोण म्हणून श्रोत्यांची पत्रं येऊ लागली, आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांसमोर आलं. म्हणजे ऐकणाऱ्याने विचारलं म्हणून ते नाव मिळालं. एवढं आज लक्षात ठेवा, बाकीचं व्याख्यान याचाच विस्तार आहे.

चौथं नाव

इथे टेबलावर एक एलपी आहे, ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७ सालची. आमच्यातल्या एका तरुण मुलीने मागच्या महिन्यात घेतली. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस सुरांतून उभा करायचा, ही कल्पना. कलाकार कोण, असं विचारलं की तीन नावं लगेच येतात: शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा. संतूर, बासरी, गिटार. मग मी विचारलं, तबला? खोलीत शांतता. तबल्यावर आहेत माणिकराव पोपटकर. आणि ही रेकॉर्ड घडवून आणली जी. एन. जोशी यांनी. आपल्या मराठी भावगीतांच्या पहिल्या पिढीतले गायक, नंतर एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहणारे. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचं पुस्तक अनेकांनी वाचलं असेल.

त्या मुलीने दहा मिनिटांत ही दोन नावं सांगितली, त्यानंतर आम्ही रेकॉर्ड पुन्हा लावली. तबला तोच होता, पण यावेळी तो आम्हाला ऐकू आला. नाव कळलं की कान तिकडे वळतो, हा साधा अनुभव आहे.

सिनेमाच्या रेकॉर्डींत हे जास्त जाणवतं. शेजारची ७८ ची तबकडी ‘अलबेला’ची, १९५१. लेबलावर गायक आहेत, संगीतकार सी. रामचंद्र आहेत. पण त्या गाण्यांना जो पाश्चात्त्य नाचाचा ठेका आणि ट्रम्पेटचा झोत आहे, त्यामागे चिक चॉकलेट या टोपणनावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक आहे. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे असे कितीतरी गोवेकर वादक दिवसा स्टुडिओत बसायचे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यवृंदाचं रूप दिलं. लेबलावर त्यांना जागा नव्हती. आज ही नावं आपल्याला ठाऊक आहेत ती वादकांच्या आठवणींमुळे, आणि कोण वाजवतंय हे चिकाटीने विचारत राहिलेल्या श्रोत्यांमुळे.

कुठली प्रत, हे का विचारायचं?

आता जॅझकडे. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. आमच्यातल्या एकाने याची तिसरी प्रत घेतली, तेव्हा सगळे हसले. अहो, एकच गाणं तीनदा?

पण ऐका. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की काय होतं? सूर चढतो. तीस वर्षांहून अधिक काळ जगाने ती बाजू थोड्या चढ्या सुरात ऐकली. त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावर भरलेली टेप बरोबर वेगाची होती, आणि नव्वदच्या दशकात तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली. म्हणजे जुनी प्रत आणि नवी प्रत यांत पट्टीचाच फरक आहे.

हे आपल्या ७८ ला तर फारच लागू होतं. सुरुवातीच्या काळात वेग ठरलेला नव्हता. सत्तरपासून ऐंशीपर्यंत कुठेही असायचा. समजा, रेकॉर्ड ७६ फेऱ्यांवर भरली आणि आपण ७८ वर वाजवली. पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या जवळपास निम्म्याने सूर चढतो आणि लयही वाढते. मग आपण म्हणतो, काय आवाज होता, कुठल्या पट्टीत गायचे! कदाचित ते तसे गातच नव्हते, आपली थाळी पळत होती.

म्हणून रेकॉर्ड दाखवताना लेबलाचा रंग, कंपनी, क्रमांक सांगायचा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत जागेत कोरलेला बारीक क्रमांकही वाचायचा. त्यावरून मूळ मुद्रण कोणतं आणि कुठल्या सुमाराचं, याचा माग लागतो. कंटाळवाणं वाटतं खरं, पण जुन्या कलाकारांच्या मुद्रणांच्या याद्या संग्राहकांनी अशाच एकेक क्रमांक जुळवून केल्या आहेत.

एक खरेदी, जी फार लांब गेली

शेवटची रेकॉर्ड केसरबाई केरकर यांची. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जगाच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायची ठरली. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी भारतासाठी नाव सुचवलं केसरबाईंचं, भैरवीतली ‘जात कहाँ हो’. पण रेकॉर्ड मिळेना. या तबकडीचं काम पाहणाऱ्या ॲन ड्रुयन यांनी शोधाशोध केली, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एकाने नाव सांगितलं, दुसऱ्याने टेबलाखाली वाकून खोकं उघडलं. आपण दर रविवारी जुन्या बाजारात तेच करतो! ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही यानं सुटली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ध्वनिमुद्रणाबद्दल त्या फारशा उत्साही नव्हत्या, रेकॉर्डी मोजक्याच दिल्या. त्यातली एक आज सगळ्या ग्रहांच्या पार आहे, कारण एका माणसाला ती ठाऊक होती आणि त्याने ती दुसऱ्याला सांगितली.

याच्या उलटही घडतं. आमच्यातले एक काका गेले. चाळीस वर्षांचा संग्रह, सगळा डोक्यात. वही नाही, यादी नाही, आणि बऱ्याच रेकॉर्डी दुसऱ्याच पाकिटांत. मुलांनी प्रामाणिकपणे विचारलं, यात ठेवण्यासारखं काय आहे? आम्हाला कळेपर्यंत निम्म्या वजनावर गेल्या होत्या. मुलांना दोष देत नाही. काकांनी आम्हाला दर महिन्याला एकेक रेकॉर्ड सांगितली होती, तेवढ्याच आम्ही ओळखून बाजूला काढू शकलो. त्या आज आमच्याकडे आहेत.

म्हणून विनंती एवढीच. नवीन काही घ्याल, ते कुठल्याही प्रकारचं संगीत असो, आणि एलपी, कॅसेट, सीडी काहीही असो, एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून पाकिटात ठेवा: कोण गातं किंवा वाजवतं, साथीला कोण, कंपनी आणि क्रमांक, कुठून आणि कधी मिळाली, आणि तुम्हाला त्यात काय ऐकू आलं. आणि ते कुणाला तरी सांगा. गौहर जान यांनी स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. सगळ्यांना तशी सोय नव्हती, त्यांचं आपण सांगायचं.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सगळं मोबाइलवर मिळतं. मग विकत कशाला घ्यायचं?*

मीही मोबाइलवर ऐकतो, भरपूर ऐकतो. घेतलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण तिथे जुन्या मुद्रणांची माहिती बरेचदा तुटक असते. साथीदार नसतात, वर्ष लिहिलेलं असतं ते पुनर्प्रकाशनाचं. पैसे मोजून एकच वस्तू घरी आणली की आपण ती उलटसुलट बघतो, वाचतो, चारदा ऐकतो. मोबाइलवरच्या गाण्याला तेवढंच लक्ष देणार असाल, तर चिठ्ठी त्याचीही लिहा. काही बिघडत नाही.

*प्रश्न: आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डी आहेत. स्पिरिटने पुसल्या तर चालतील का?*

अजिबात नको! त्या तबकड्या लाखेच्या आहेत. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचं मिश्रण असतं. सुतार फ्रेंच पॉलिश करतो ते काय असतं? स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तुम्ही पुसायला जाल आणि खाचाच जातील. जाता जाता सांगतो, ही लाख मुख्यतः आपल्याकडच्या छोटा नागपूर भागातून जगभर जायची. युरोप-अमेरिकेतल्या रेकॉर्डींतही ती असे. तर, मऊ कापड, थोडं साधं पाणी, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच टिपायचं. आडव्या थप्प्या लावू नका, उभ्या ठेवा. आणि एलपीची सुई ७८ ला लावू नका. ७८ ची खाच खूप रुंद असते, एलपीची बारीक सुई तळाला जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ ची वेगळी सुई मिळते.

आणि पुसायच्या आधी लेबलाचा फोटो काढा. पुढच्या महिन्यात घेऊन या. दहा मिनिटं तुमची.