लेसरने गाठ जाळली म्हणजे रोग गेला का?

"गाठ लेसरनं जाळली म्हणजे वडील बरे होतील ना?" असा प्रश्न एका सभासद बंधूंनी आम्हांस विचारला. त्यासाठी जमीन गहाण टाकायचीही त्यांची तयारी होती. म्हणून या अंकात हा खुलासा करीत आहोत.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे गुदाशयात, कॅन्सरची गाठ वाढली की शौचाची वाट बुजत जाते, रक्त आणि आव पडते. ऑपरेशनने गाठ निघत असेल तर लेसरच्या नादी लागूच नये. पण रोग दूरवर पसरला असेल, किंवा म्हाताऱ्या माणसाचे हृदय ऑपरेशन सोसणारे नसेल, तर त्रास हलका करणे एवढेच हाती राहते. लेसर आहे तो त्यासाठी.

यासाठी वापरला जाणारा एनडी-याग लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. खालच्या वाटेने दुर्बीण घालून तिच्यातून काचेची बारीक तार गाठीपर्यंत नेतात. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून नेम धरायला सोबत तांबडा उजेड सोडतात. गाठीचा वाटेत आलेला भाग जळतो, शौचाला होऊ लागते, रक्त थांबते. पोट फाडावे लागत नाही, आणि पुष्कळदा पोटावर शौचाची पिशवी लावणेही टळते. अंथरुणावरच्या माणसाला हे काही थोडेथोडके नव्हे!

पण खोडवा ठेवणाऱ्याला पुढचे सांगायला नको. ऊस जमिनीलगत तोडला तरी बुडखा राहतो आणि फुटवे येतातच. तसे गाठीचे मूळ आतड्याच्या भिंतीत राहते. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा लेसर घ्यावा लागतो. नसा दाबल्या गेल्याने होणारे दुखणेही याने जात नाही. त्याला मॉर्फिनसारखे औषध किंवा रेडिएशन लागते.

आता बऱ्याच ठिकाणी लेसरऐवजी धातूची जाळीदार नळी बसवतात. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर मात्र ती नळी टोचते, सारखी शौचाची भावना होते. तेव्हा गाठ किती आत आहे, किती खेपा होतील आणि दर खेपेला काय खर्च येईल, हे डॉक्टरांना आधी विचारा. कर्जाचे मग बघू.

लेसरनंतर पोट फुगले, ताप आला किंवा जोराची कळ सुटली तर आतड्याला भोक पडलेले असू शकते. सकाळची वाट न पाहता रोग्याला दवाखान्यात न्यावे.