विश्लेषण : जपानी कुटुंबांची लाडकी ‘फिरती सुशी’ का थांबली?

जपानमध्ये रविवारी दुपारी आई-वडील, आजी-आजोबा आणि मुले मिळून बाहेर जेवायला निघाली, की अनेकदा पावले फिरत्या पट्ट्याच्या सुशी रेस्तराँकडे वळतात. खिशाला परवडणारे, मुलांना गंमत वाटणारे आणि ज्येष्ठांनाही रुचणारे असे हे ठिकाण. मात्र २०२३ मध्ये काही सेकंदांच्या एका चित्रफितीने या जेवणाचा पाया हलवला. अनेक ठिकाणी पट्ट्यावर सुशी मोकळी फिरणे बंद झाले. हा पाया कोणता होता आणि आता त्याची जागा कशाने घेतली?

‘काइतेन-झुशी’ म्हणजे काय?

‘काइतेन’ म्हणजे फिरणे. रेस्तराँभर एक अरुंद पट्टा संथपणे फिरत असतो. त्यावर छोट्या बश्या आणि प्रत्येक बशीत साधारण सुशीचे दोन तुकडे. समोरून जाणारी बशी आवडली की उचलायची आणि खायची. जेवण संपले की रिकाम्या बश्या मोजून बिल होते. अनेक ठिकाणी बशीच्या रंगावरून किंमत ठरते.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात सुशीचा आत्मा आहे तो भात. तांदळाचा व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला हा भात नसेल तर ती सुशी नव्हे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना ‘साशिमी’ म्हणतात. सुशीत मासा असतोच असेही नाही. अंड्याचे गोडसर ऑम्लेट, काकडी, कोळंबी, मक्याचे दाणे असे काहीही भातासोबत येऊ शकते.

पट्टा येण्यापूर्वी सुशी कोण खात असे?

भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली ‘निगिरी’ सुशी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रुजली. तेव्हा ते गाड्यावर उभ्या उभ्या खाण्याचे झटपट अन्न होते. पुढे मात्र सुशीचे दुकान हा मोठ्यांचा प्रांत बनला. लाकडी काउंटरपलीकडे कारागीर, समोर मोजकी आसने आणि भिंतीवरच्या पाट्यांवर माशांची नावे. किमतीच्या जागी पुष्कळदा ‘बाजारभावाप्रमाणे’ इतकेच. बिल किती येईल याचा अंदाज नसल्याने चार-पाच जणांच्या कुटुंबाने मुलांसह तिथे जाणे सोपे नव्हते. घरी पाहुणे आले किंवा काही शुभ घडले, की सुशीचे ताट मागवले जाई.

बिअरच्या कारखान्यातून ही कल्पना कशी आली?

योशिआकी शिराइशी यांचे ओसाकाजवळ छोटे सुशीचे दुकान होते. परिसरात लहान कारखाने आणि गिऱ्हाईक प्रामुख्याने कामगार. त्यांना स्वस्तात द्यायचे तर कमी माणसांत जास्त ग्राहक सांभाळणे भाग होते. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना युक्ती सुचली. वाढप्याऐवजी पट्टाच वाढेल.

कागदावर सोपी वाटणारी ही युक्ती वळणावर अडली. सरळ पट्ट्यावर बश्या नीट जात, पण कोपऱ्यात अडकत. चंद्रकोरीच्या आकाराच्या, एकमेकींवर सरकणाऱ्या पट्ट्या जोडून हा प्रश्न सुटला. वेगही महत्त्वाचा होता. फार जोरात फिरवले तर भात वाळतो आणि बशी उचलता येत नाही. फार हळू फिरवले तर ग्राहक कंटाळतो. सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर हा वेग योग्य ठरला. १९५८ मध्ये त्यांचे पहिले फिरते सुशी रेस्तराँ सुरू झाले. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात ते देशभर पोहोचले. १९७८ मध्ये शिराइशींचे हक्क संपले आणि या धंद्यात इतर कंपन्या उतरल्या.

कुटुंबे इथे का रमली?

पहिले कारण, बिलाची धास्ती गेली. एका बशीला १०० येन, म्हणजे सध्याच्या दराने साधारण ६० रुपये, हे सूत्र मोठ्या साखळ्यांनी अनेक वर्षे पाळले. कितीही बश्या झाल्या तरी हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

दुसरे, प्रत्येकाला आपापले खाता येते. आजोबांना ट्यूना, आईला ऑक्टोपस, नातवाला मका-मेयोनीज आणि ज्याला मासा नकोच त्याला उडॉन नूडल्स किंवा बटाट्याच्या तळलेल्या काड्या. शेवटी पुडिंग किंवा केक. झणझणीत वासाबी पूर्वी भातावरच लावलेली असे; आता बहुतेक साखळ्यांत ती वेगळी मिळते. त्यामुळे मुलांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. हिरवा चहा टेबलावरच. कपात भुकटी घालायची आणि नळाचे गरम पाणी ओतायचे. आल्याचे आंबटगोड कापही हवे तेवढे घेता येतात.

तिसरे, खेळ. कुरा सुशी या साखळीत रिकाम्या बश्या टेबलाजवळच्या फटीत टाकल्या की मोजणी आपोआप होते. दर पाच बश्यांमागे पडद्यावर एक खेळ लागतो. जिंकल्यास छोटे खेळणे मिळते. चार बश्या झाल्या असताना पाचवीसाठी पोट भरलेल्या बाबांची मनधरणी होते, ती याच खेळापायी.

मुलांचा आवडता सॅल्मन जपानी नव्हेच?

या रेस्तराँत हमखास संपणारी बशी सॅल्मनची. पण जपानमध्ये पूर्वी हा मासा कच्चा खात नसत. पॅसिफिकमधल्या सॅल्मनमध्ये परोपजीवी कृमींची भीती असल्याने तो भाजून किंवा खारवून खाल्ला जाई. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपल्याकडचा, मत्स्यशेतीत वाढवलेला सॅल्मन सुशीसाठी विकण्याची मोहीम जपानमध्ये राबवली. पारंपरिक कारागिरांनी नाके मुरडली, फिरत्या पट्ट्याने मात्र तो उचलला आणि तिथून तो नव्या पिढीच्या जिभेवर बसला.

१०० येनचे गणित कसे जमले आणि का बिघडले?

भाताचे मुटके करणारे यंत्र सुझुमो या जपानी कंपनीने १९८१ मध्ये आणले. वर्षानुवर्षे शिकलेल्या कारागिराशिवाय सुशी बनू लागली. माशांची मोठी खरेदी, मोजके कर्मचारी आणि पटापट रिकामी होणारी टेबले यांची त्याला जोड मिळाली. नासाडी टाळण्यासाठी सुशिरो या साखळीने बश्यांना चिप लावल्या. ठरावीक अंतर फिरूनही न उचललेली बशी पट्ट्यावरून काढली जाते.

पण मासा मोठ्या प्रमाणात आयात होतो. येन घसरला, इंधन व वाहतूक महागली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुशिरोने सर्वांत स्वस्त बशीची किंमत करासह ११० येनवरून १२० येन केली. कुरा सुशीनेही दर वाढवले. वाढ थोडी असली, तरी १०० येनचे वचन सरले.

२०२३ मध्ये नेमके काय घडले?

जानेवारीच्या अखेरीस गिफू शहरातील सुशिरोच्या शाखेतील चित्रफीत पसरली. एक तरुण टेबलावरची सोया सॉसची बाटली चाटतो, चहाच्या कपाची कड चाटतो आणि ओले बोट पट्ट्यावरून जाणाऱ्या सुशीला लावतो. पाठोपाठ इतर ठिकाणच्या अशाच चित्रफिती समोर आल्या. माध्यमांनी याला ‘सुशी दहशतवाद’ म्हटले. सुशिरोच्या मालक कंपनीचा समभाग कोसळला. कंपनीने सुमारे ६.७ कोटी येनच्या भरपाईचा दावा लावला. जुलै २०२३ मध्ये तो तडजोडीने मिटला.

नुकसान एका बाटलीपुरते नव्हते. अनोळखी माणसांच्या समोरून फिरत आलेली बशी आपण मुलाच्या पुढ्यात ठेवतो, ती कुणी तिला हात लावला नसेल या भरवशावर. या भरवशाला पहारेकरी नव्हता, म्हणून तर जेवण स्वस्त होते. माणसे कमी ठेवण्यासाठी आणलेल्या पट्ट्यावर नजर ठेवायला माणूस उरलाच नव्हता.

कंपन्यांनी काय उपाय केले?

सुशिरोने मोकळी सुशी फिरवणे थांबवले. आता पडद्यावर बोट ठेवून मागणी नोंदवायची आणि बशी थेट आपल्या टेबलापाशी येऊन थांबते. पट्टा आहे, पण तो केवळ हमालाचे काम करतो. मुलांची गंमत हरवू नये म्हणून सप्टेंबर २०२३ पासून काही शाखांत टेबलालगत मोठे पडदे बसवले. त्यांवर सुशीची चित्रे फिरतात आणि हवी त्यावर बोट ठेवले की मागणी जाते. कुरा सुशीने पट्टा सोडला नाही. तिथे बश्यांवर झाकणे आधीपासूनच होती. झाकण उघडून पुन्हा ठेवल्यास टिपणारे कॅमेरे त्यात जोडले गेले.

शाकाहारी पर्यटकांनी काय पाहावे?

जपानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना पडद्यावरची मागणी सोयीची आहे, कारण बहुतेक ठिकाणी इंग्रजीचा पर्याय असतो. ‘कप्पामाकी’ म्हणजे काकडीची गुंडाळी, ‘नात्तोमाकी’ म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली ‘इनारी’ गोडसर असते, पण तो टोफू अनेकदा वाळवलेल्या माशाच्या अर्कात शिजवतात. नात्तोसोबतच्या सॉसमध्येही तो असू शकतो. त्यामुळे काटेकोर शाकाहारींनी विचारून घ्यावे.

मग फिरती सुशी संपणार का?

तसे चिन्ह नाही. कुटुंबे आजही टेबलासाठी क्रमांक घेऊन थांबतात. २०२५ च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात कुरा सुशीने सुमारे १३५ मीटर लांबीचा पट्टा फिरवला आणि त्यावर जगभरातील पदार्थ मांडले. १९७० मध्ये याच शहरातल्या प्रदर्शनात लोक पट्ट्याचे नवल पाहायला जमले होते. फरक एवढाच, की या वेळी बश्यांवर झाकणे होती.