निळीच्या घराण्यातले प्लॅस्टिक

शाळेत 'प्लॅस्टिक हे विद्युत्‌रोधक आहे' असे लिहून मी दोन गुण मिळवले होते. गेल्या दिवाळीच्या सुटीत, रसायनशास्त्रात एम्. एस्‌सी. करणाऱ्या माझ्या भावाने ते दोन गुण परत मागितले! त्याच्या प्रयोगातले प्लॅस्टिक म्हणे वीज वाहून नेते, आणि वर अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावते. मी पडलो इतिहासाचा विद्यार्थी. म्हटले, "आधी त्याचे कूळ सांग."

कूळ निघाले आपल्या निळीचे. नीळ तापवून एकोणिसाव्या शतकात जे तेलकट द्रव्य मिळाले, ते ॲनिलीन. हे नावही 'नील' या आपल्याच शब्दावरून अरबांमार्फत युरोपात पोचलेले. १८६२ साली लंडनच्या हेन्री लेथबी यांनी आम्लातल्या ॲनिलीनमधून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमवर निळसर-हिरवा थर बसला. तेच पॉलिॲनिलीन. पण प्लॅस्टिकमधून वीज वाहते हे जगाला खरे पटले ते १९७७ मध्ये. शिराकावा, मॅकडायार्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली, आणि त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. २००० साली तिघांना नोबेल मिळाले.

हे होते कसे? नाट्यगृहाची रांग खचाखच भरली असेल, तर कोणालाच सरकता येत नाही. दोन-चार प्रेक्षक उठून गेले, की हालचाल सुरू होते. आयोडीन इलेक्ट्रॉनांना असे उठवते. पॉलिॲनिलीनमध्ये आम्ल तेच काम निराळ्या रीतीने साधते.

आता अल्कोहोलकडे वळू. स्पिरिट जाळले की उष्णता मिळते. इंधन-विद्युत्‌घटात मात्र मेथॅनॉलच्या प्रत्येक रेणूतले सहा इलेक्ट्रॉन तारेतून फिरवून आणतात, म्हणून वीज मिळते. (विषारी दारूत माणसे मारते ते हेच मेथॅनॉल.) हे काम घडवायला प्लॅटिनम लागते. ते महाग तर आहेच, शिवाय अर्धवट ऑक्सिडीकरणातून निघालेला कार्बन मोनॉक्साईड त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि ते निकामी होते. तेव्हा पॉलिॲनिलीनच्या खडबडीत, सच्छिद्र थरावर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण विखरून बसवतात. थोड्या धातूत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, आणि खालचे प्लॅस्टिक इलेक्ट्रॉन वाहून नेते. अशा थरावर प्लॅटिनमला विषबाधा कमी होते, असेही अनेक प्रयोगांत आढळले आहे.

मला मात्र एक गोष्ट खटकली. मुख्य काम प्लॅटिनमच करते. मग कौतुक प्लॅस्टिकचे का? भावाने निमूटपणे कबूल केले, की नुसते पॉलिॲनिलीन मेथॅनॉलपुढे जवळजवळ हतबल असते. शिवाय विद्युत्‌दाब फार चढला तर त्याची साखळी स्वतःच कुजू लागते.

मग त्याने सोबत आणलेली हिरवी पट्टी अमोनियाच्या पाण्यात बुडवली. आम्ल निघून गेले आणि पट्टी डोळ्यांदेखत निळी झाली. त्या निळ्या रूपात वीज वाहत नाही, असे तो म्हणाला मात्र, मी दोनांतला एक गुण परत घेतला.