विश्लेषण : ‘लिनन-ब्लेंड’ स्कर्ट उन्हाळ्यात खरोखर गारवा देतो का?

उन्हाळा सुरू झाला की दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात भरतकाम केलेले, घोट्यापर्यंत येणारे ‘लिनन-ब्लेंड’ स्कर्ट दिसू लागतात. साध्या सुती स्कर्टपेक्षा ते महाग असतात. ‘हवेशीर’, ‘घाम शोषणारे’ अशी त्यांची जाहिरातही होते. पण ‘ब्लेंड’मध्ये लिनन किती आणि उरलेले काय, हे अनेकदा ठळकपणे सांगितले जात नाही. उकाड्यात आराम मिळणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी या ‘उरलेल्या’वर ठरते.

लिनन म्हणजे नेमके काय?

विदर्भात ज्याची चटणी होते, त्या जवसाच्या म्हणजेच अळशीच्या झाडापासून लिनन मिळते. आपल्याकडे जवस मुख्यतः बी आणि तेलासाठी पेरला जातो. धाग्यासाठीचे वाण उंच, सरळ आणि कमी फांद्यांचे असते. त्याला थंड, ओलसर हवा लागते. त्यामुळे फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सचा किनारी पट्टा हे त्याचे माहेरघर आहे. लांब धाग्याच्या जवसाचे जगातील सुमारे तीन चतुर्थांश उत्पादन तिथे होते. ताग किंवा अंबाडी पाण्यात कुजवून सोलतात, तसेच जवसाचे देठ शेतात दवावर कुजवून धागा वेगळा केला जातो. भारतातील लिनन उद्योग मुख्यतः आयात केलेल्या धाग्यावर चालतो. पश्चिम बंगालमधील रिशरा येथे लिनन सुताची मोठी गिरणी आहे, तर बिहारमधील भागलपूरचे विणकर लिननचे कापड विणतात. कच्चा माल लांबून येतो आणि त्यावरची प्रक्रिया वेळखाऊ असते, म्हणून शुद्ध लिनन सुती कापडाहून बरेच महाग पडते.

ते थंड का वाटते?

याची दोन कारणे आहेत. पहिले ओलाव्याचे. सामान्य हवेत धागा आपल्या कोरड्या वजनाच्या किती टक्के ओलावा धरतो, याचे व्यापारात ठरलेले आकडे आहेत. लिननसाठी तो सुमारे १२ टक्के, सुतासाठी साडेआठ टक्के, व्हिस्कोससाठी १३ टक्के आणि पॉलिस्टरसाठी अवघा ०.४ टक्के आहे. दुसरे कारण ताठपणाचे. लिननचा धागा ताठ असल्याने कापड घामेजल्या अंगाला चिकटून बसत नाही. त्वचा आणि कापड यांच्यात हवा खेळती राहते आणि घाम लवकर सुकतो. लिननला लगेच सुरकुत्या पडतात, त्यालाही हाच ताठपणा कारणीभूत आहे. हा धागा फारसा ताणला जात नाही आणि दुमडला की पूर्ववत होत नाही.

मग त्यात भेसळ कशासाठी?

मिश्रण म्हणजे फसवणूक नव्हे. किंमत आवाक्यात आणणे, सुरकुत्या कमी करणे आणि कापड मऊ करणे, हे त्यामागचे हेतू असतात. सुती धागा मिसळला तर कापड मऊ होते आणि घाम टिपण्याचा गुण टिकतो. लाकडाच्या लगद्यापासून बनणारे व्हिस्कोस मिसळले तर स्कर्टला घरंगळणारा घेर मिळतो आणि ओलावाही शोषला जातो. मात्र ओले झाल्यावर व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्म्यावर येते. लिननचे उलट असते, ते ओले झाल्यावर अधिक मजबूत होते. पॉलिस्टरने सुरकुत्या सर्वात कमी होतात आणि किंमतही घटते, पण ओलावा धरण्याचा गुणही तितकाच कमी होतो. म्हणजे ३० टक्के लिनन आणि ७० टक्के सूत असलेला स्कर्ट उन्हाळ्यात उत्तम चालेल. तेवढेच लिनन आणि उरलेले पॉलिस्टर असेल, तर तो दिसायला लिननसारखा पण अंगावर पॉलिस्टरसारखाच वाटेल. लेबलवर दोन्ही ‘लिनन-ब्लेंड’च!

‘५५:४५’ हे प्रमाण वारंवार का दिसते?

आंतरराष्ट्रीय सीमाशुल्काच्या वर्गीकरणात मिश्र कापड वजनाने जास्त असलेल्या धाग्याच्या नावाने मोजले जाते. त्यामुळे ५५ टक्के लिनन असलेले कापड कागदोपत्री लिननच्याच गटात बसते. ग्राहकाच्या दृष्टीनेही हे प्रमाण वाईट नाही, कारण त्यात निम्म्याहून अधिक लिनन असते. याउलट ‘लिनन लूक’, ‘लिनन फील’ किंवा ‘लिनन टेक्श्चर’ या शब्दांत लिनन असल्याची कोणतीच हमी नसते. जाड-बारीक सूत वापरून सुती, व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर कापडालाही लिननसारखा खडबडीत पोत देता येतो.

पायघोळ स्कर्टमध्ये जास्त उकडत नाही का?

उलट, सैल आणि घेरदार असेल तर लांब कपडा उन्हात फायद्याचा ठरतो. चालताना घेर हलतो, आतली गरम हवा बाहेर फेकली जाते आणि नवी हवा आत येते. शिवाय पायांवर थेट ऊन पडत नाही. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावरचा एक अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषतो, पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते, असे त्यात आढळले. आपल्याकडचे परकर, घागरा, बंजारा स्त्रियांचा फेटिया हे सगळे घेरदारच आहेत. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम पटकन सुकतो, त्यामुळे धाग्याचा गुण चांगलाच जाणवतो. मुंबई किंवा कोकणच्या दमट हवेत घाम सुकतच नाही. तिथे धाग्याइतकेच महत्त्व घेराला आणि विणीच्या विरळपणाला आहे.

भरतकाम आणि अस्तराचा काय संबंध?

इथेच अनेक स्कर्टचा गारवा हरवतो. भरतकामाचे टाके कापडाची छिद्रे झाकतात. मशीनच्या भरतकामात कापड ताठ राहावे म्हणून मागे आधाराचा पातळ थर लावतात आणि कधी कधी तो तसाच राहतो. वापरलेला दोरा बहुधा पॉलिस्टर किंवा रेयॉनचा असतो. म्हणून पूर्ण स्कर्टभर दाट नक्षी असण्यापेक्षा काठाला किंवा एका बाजूच्या पट्ट्यावर भरतकाम असलेला स्कर्ट उन्हाळ्यात सुखकर होतो.

अस्तराचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. फिक्या रंगाचे विरळ लिनन पारदर्शक दिसते, म्हणून आत अस्तर लावावे लागते. ते पॉलिस्टरचे असेल तर त्वचेला लागणारे कापड पॉलिस्टरच, मग बाहेर कितीही शुद्ध लिनन असो. वर्णनात दिलेली टक्केवारी अनेकदा फक्त बाहेरच्या कापडाची असते. अस्तर मलमलचे किंवा पातळ सुती आहे ना, हे वेगळे विचारावे.

भरतकाम हाताचे की मशीनचे?

व्यापारी मशीन भरतकामाचा पाया स्वित्झर्लंडमध्ये घातला गेला. इसाक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये ‘शिफली’ यंत्र तयार केले. त्यातील धोट्याचा आकार छोट्या होडीसारखा, म्हणून हे नाव. आज सुरतसारख्या केंद्रांत संगणकावर चालणारी अनेक सुयांची यंत्रे एकाच वेळी तीच नक्षी अनेक जागी उमटवतात. या कामाची मजुरी टाक्यांच्या संख्येवर ठरते. लखनवी चिकनकारी किंवा कच्छी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. पण तशा नक्षीची मशीनवरची नक्कल सर्रास विकली जाते. मशीनकाम वाईट नसते. मात्र ते हातकामाच्या नावाने आणि दराने विकले गेले, तर ग्राहकाबरोबरच कारागिराचेही नुकसान होते. कापड उलटे करून पाहिल्यास बराच उलगडा होतो. मशीनच्या कामात मागे एकसारखा, बहुधा पांढरा दोरा दिसतो. हातकामात दोऱ्याचे टोक, गाठी आणि टाक्यांतील थोडा असमानपणा असतो.

ग्राहकाला कायद्याचा आधार काय?

युरोपीय संघात २०११च्या नियमानुसार आणि अमेरिकेत १९५८च्या कायद्यानुसार कपड्यातील धाग्यांची टक्केवारी लेबलवर द्यावी लागते. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार वस्तू जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. त्यासाठी खरेदीच्या वेळी वर्णनाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के आणि त्यावरील कपड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. महागडा भरतकामाचा स्कर्ट घेताना हा फरकही जाणवतो.

घरी पारख आणि निगा कशी?

शिवणीच्या आतील एखादा सुटा धागा चिमट्यात धरून, सिंकजवळ काळजीपूर्वक जाळून पाहता येतो. लिनन, सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे तपासावेत, कारण मिश्रण कधी फक्त एकाच दिशेच्या धाग्यात असते.

लिनन, सूत आणि व्हिस्कोस धुतल्यावर आटतात, पण पॉलिस्टरचा भरतकामाचा दोरा आटत नाही. परिणामी नक्षीभोवती चुण्या पडतात. म्हणून स्कर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवावा, पिळू नये आणि सावलीत वाळवावा. थोडा ओलसर असतानाच मऊ टॉवेलवर पालथा घालून इस्त्री केल्यास नक्षी चपटी होत नाही आणि सुरकुत्याही निघतात. मापात घेताना कमरेला आणि लांबीला थोडी सवलत ठेवावी. पहिल्या धुण्यानंतर ती कामी येते.