फिरत्या दवाखान्यातील ओल : कारणे व उपाय

संस्थेचा फिरता दवाखाना भर पावसाळ्यातही दुर्गम वाड्यावस्त्यांवर जात असतो. देणगीदारांच्या औदार्याने लाभलेल्या अशा वाहनाचे आयुष्य आत मुरणाऱ्या पाण्यामुळे झपाट्याने घटते. म्हणून त्याच्या देखभालीची माहिती हितचिंतकांपुढे ठेवीत आहोत.

पाणी बहुधा छताचे सांधे, वातानुकूलन यंत्राची बैठक किंवा खिडक्यांच्या रबरी पट्ट्या यांतून शिरते. ते सांगाड्यावरून वाहत दूर उतरते. त्यामुळे डाग दिसतो तेथेच गळती असेल असे नाही. रेक्झिनखालील प्लायवूड कुजत असताही वरून जमीन कोरडी दिसते. कुबट वास येणे व पायाखाली फळी दबणे ही त्याची लक्षणे होत.

ओल आढळताच प्रथम बॅटरी व इन्व्हर्टरची जोडणी सोडवावी आणि औषधे बाहेर काढावीत. भिजलेला भाग २४ ते ४८ तासांत न सुकल्यास बुरशी धरू लागते. पावसाळ्यात बाहेरील हवाच दमट असल्याने खिडक्या उघडून भागत नाही. वाहन बंद ठेवून पंखे व आर्द्रता शोषणारे यंत्र चालवावे लागते. भिजलेला फोम व अस्तर टाकून द्यावे. लाकडातील ओलावा मापकावर २० टक्क्यांच्या पुरेसा खाली आल्याखेरीज त्यावर नवी फळी वा रंग चढवू नये. झाकलेली ओल आतल्या आत पसरते. जुने सिलिकॉन खरवडून काढल्याशिवाय नवे नीट धरत नाही.

बुरशीचे सूक्ष्म कण दमेकऱ्यांस व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांस अपायकारक ठरतात आणि असेच रुग्ण या वाहनात तपासणीस येतात. म्हणून वाहन पूर्ण सुकेपर्यंत त्यात रुग्ण न घेण्याचे आमचे धोरण आहे. परंतु तेवढे दिवस रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांची औषधे खंडित होऊ नयेत, यासाठी दुसऱ्या वाहनाची तजवीज करावी लागते व तो खर्च वेगळा पडतो.

ताळेबंदात घसारा ठराविक दराने मांडला जातो. ओल मात्र तो दर पाळीत नाही. मे महिन्यात छतावर पाण्याचा फवारा मारून सांधे तपासणे व वेळीच रबरी पट्ट्या बदलणे, हा अल्प खर्चाचा उपाय आहे. नव्या वाहनासाठी देणगी देणारे दाते पुढे येतात. देखभाल निधीसही त्यांनी असाच हातभार लावावा, ही नम्र विनंती.