जूचंद्रच्या वर्गातलं राज्यशास्त्र

दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया आहे, लोकशाहीपुढची आव्हानंही आहेत. पण रांगोळीसाठी नावाजलेल्या जूचंद्रच्या मुलांना उदाहरण दाराशीच सापडतं. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली, ग्रामपंचायत गेली आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे होता. मग गटार तुंबलं तर जाब विचारायचा कुणाला? इथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो: लोकांनी न निवडलेल्या माणसाने घरपट्टी ठरवावी का? वर्गात दोन्ही बाजू मांडू द्याव्यात. सर-बाईंनी आपलं मत शेवटी सांगावं, पक्षाचा प्रचार तर मुळीच नको. आणि फळ्यावर आधी कायदा लिहावा, वाद मग.