पकड किती घट्ट असावी?

बडोद्यात समाहून हरणीकडे निघालं की विमानतळ लागतो. 28 ऑक्टोबर 2024 रोजी तिथे टाटा-एअरबसच्या सी-295 विमानांच्या जुळणी कारखान्याचं उद्घाटन झालं. हवाई दलाच्या 56 विमानांपैकी 40 बडोद्यात तयार व्हायची आहेत. तेव्हापासून बडोदेकर विमानांवर अधिकारवाणीने बोलतात (आपल्याला विषय मिळाला की झालं!). एक पक्ष ॲल्युमिनियमचा, दुसरा कार्बन फायबरचा. धातू आणि तंतू एकत्र नांदवणारा तिसरा पंथही आहे, हे फारसं कोणाच्या कानावर नसतं.

धातू थकतो. 1954 मध्ये कॉमेट जातीची दोन विमानं कोसळली. केबिनमधला हवेचा दाब दर उड्डाणाला चढून-उतरून पत्रा तडकला होता. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी पुढे यावर उपाय काढला. एका जाड पत्र्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असे अनेक पत्रे घ्यायचे आणि मधे इपॉक्सी या चिकट राळेत भिजलेले तंतू भरायचे. आधी ॲरामिडचे तंतू घातले, ते ‘अरॉल’; मग काचेचे, ते ‘ग्लेअर’.

करणं कटकटीचं. पत्रा आम्लाने धुऊन त्यावर ऑक्साइडचा थर चढवतात. त्यानंतर त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं तिथे इपॉक्सी धरत नाही. थर रचून पिशवीत घालतात, आतली हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या भट्टीत सुमारे 120 अंशांवर दाबाखाली भाजतात. निवताना ॲल्युमिनियम तंतूंपेक्षा कितीतरी जास्त आकसू पाहतं, तंतू आकसू देत नाहीत. विमान उडण्याआधीच पत्रा ताणलेला! अरॉलचे पत्रे म्हणूनच भाजल्यावर यंत्रात धरून किंचित खेचत.

तपासणीत सर्वांत साधी चाचणी नाण्याची. टकटक करत जायचं. थर धरलेला असेल तर खणखणीत वाजतो, सुटला असेल तिथे आवाज बद्द होतो. अल्ट्रासाउंडचं यंत्र नंतर तेच नेमकेपणाने सांगतं. खरा कस थकव्याच्या चाचणीत. नमुन्याला मुद्दाम खाच पाडून लाखो वेळा ताण देतात. नुसत्या पत्र्यात तडा लांबत जाईल तसा वेग घेतो. इथे पत्रा तडकला तरी मागचे तंतू शाबूत राहून दोन्ही काठ धरून ठेवतात.

मग पकड जितकी घट्ट तितकी बरी? नाही, आणि मला तरी या विषयातली हीच मोठी गंमत वाटते. तड्याच्या काठाशी इपॉक्सी जरासुद्धा सुटली नाही, तर सगळा ताण तंतूच्या इवल्या लांबीवर येऊन तो तुटतो. फार सुटली, तर थरच वेगळे होतात.

वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये कार्बनचे तंतू बसवतानाही हाच पेच. धातू तंतूला सहजी भिजवत नाही. तापमान वाढवलं की भिजवतो, पण मग ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ, वर ओलाव्याने कुजणारं. आपल्या पावसाळ्यात असा नमुना उघडा ठेवला तर निकाल आपोआप लागेल. टोयोटाने 1980च्या दशकात डिझेल पिस्टनच्या रिंगच्या खाचेत सिरॅमिकचे तंतू घातले, तिथे ही भानगड नव्हती.

मग हा पंथ मागे का पडला? पैशांमुळे. सी-17 या मालवाहू विमानाचा मागचा दरवाजा आधी अरॉलचा होता; खर्च परवडेना, बदलला. 2005 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एअरबसच्या ए-380च्या धडाच्या वरच्या भागात ग्लेअर आहे, पण नंतरच्या ए-350ने कार्बनची वाट धरली. दुरुस्तीवाल्याला विचाराल तर तो कदाचित ग्लेअरच मागेल. त्यात भोक पाडून नेहमीसारखं रिव्हेट मारता येतं, आणि सामानाची गाडी आदळली तर पोचा डोळ्यांना दिसतो. कार्बनवर बाहेरून ओरखडाही नसताना आतले थर सुटलेले असू शकतात.